ब्रेकमधली हवा

मोटारीला ब्रेक असतो हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पायाने पट्टी दाबली की गाडी थांबते, इतके आपण जाणतो आणि तेवढ्यावर समाधान मानतो. पण पाय असतो गाडीच्या पुढच्या भागात आणि थांबवायची असतात चारही चाके. पायातले बळ तिथवर पोचते कसे? आणि एखाद्या दिवशी ते पोचले नाही, तर चूक नेमकी कुठे शोधायची? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला एका रविवारी घाटकोपरच्या एका लहानशा गॅरेजात, तेलाने माखलेल्या फरशीवर बसून मिळाली. भौतिकशास्त्र शिकवताना फळ्यावर पास्कलचा नियम मी कितीदा लिहिला असेल याची गणती नाही. पण तो हातात धरून पाहिला तो त्या दिवशीच.

आमच्या इमारतीत नाना राहतात. त्यांच्याकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे ही गाडी तुमच्या आईवडिलांच्या चांगली ओळखीची आहे. ती जन्माला आली आमच्या शेजारीच, म्हणजे घाटकोपरहून दोन स्थानके पलीकडे, कुर्ल्याला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना तिथे होता. इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या गाडीची ही भारतीय आवृत्ती. कारखाना गेला, तरी कुर्ल्यातल्या प्रीमियर रोडच्या नावात तो अजून शिल्लक आहे. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. खाजगी मालकीच्या काही गाड्या मात्र हौसेने जपलेल्या आहेत. नानांची त्यातलीच.

तर झाले असे. लालबहादूर शास्त्री मार्गावर सिग्नलला नाना ब्रेकवर हलका पाय ठेवून उभे होते. पायाखालची पट्टी हळूहळू खाली जाऊ लागली. चिखलात पाऊल रुतावे तशी, आवाज न करता. गाडी जराशी पुढे सरकली. नानांनी पाय उचलून पुन्हा जोरात दाबला, तेव्हा पट्टी वरच अडली आणि गाडी उभी राहिली. दुसरा एखादा म्हणाला असता, "चला, झाले ठीक." नानांनी तसे केले नाही. त्यांनी गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला, आणि गॅरेजमधून मिस्त्रींना बोलावून ती दुसऱ्या गाडीमागे ओढून नेली. हातब्रेकचा त्या द्रवाशी काही संबंध नसतो, तो यांत्रिक जोडणीने चालतो. म्हणूनच तो अशा वेळी उपयोगी पडतो.

मी आणि माझा नववीतला पुतण्या गॅरेजात पोचलो तेव्हा मिस्त्री चाकांच्या आतल्या बाजू बॅटरीच्या उजेडात पाहत होते. सगळे कोरडे. तेलाच्या डबीतली पातळीही जिथल्या तिथे. "मास्तर, मास्टर सिलिंडर गेला," ते म्हणाले. पुतण्याने लगेच विचारले, "काका, तेल कुठेच गळत नाही, मग दाब जातो कुठे?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर मिळण्यासाठी आधी त्या सिलिंडरच्या आत डोकवावे लागेल.

द्रव बळ कसे वाहून नेतो

फ्रान्समधील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने दाखवून दिले, की बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्व दिशांना सारखाच पोचतो. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बळ. तेव्हा दाब सारखा राहिला आणि क्षेत्रफळ वाढले, तर बळ वाढते. या तत्त्वावर इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये दाबयंत्राचे एकस्व घेतले. पण मोटारींत हे तत्त्व यायला आणखी सव्वाशे वर्षे लागली. त्याआधी ब्रेक दांड्यांनी आणि तारांनी ओढले जात. चार चाकांच्या चार तारा. एखादी जरा सैल पडली की गाडी एका बाजूला खेचली जाई. माल्कम लॉकहीड याने द्रवाने चालणारा ब्रेक तयार केला आणि १९२१ सालच्या अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडीत तो चारही चाकांना बसवण्यात आला. द्रवाला तारेसारखे सैल-घट्ट करावे लागत नाही. चारही चाकांना दाब सारखा मिळतो, कारण निसर्गनियमच तसा आहे.

आता पद्मिनीसारख्या गाडीचे गणित मांडू. आकडे सोपे जावेत म्हणून मी धरलेले आहेत. प्रत्यक्ष गाडीचे थोडे वेगळे असतील.

समजा, तुम्ही पट्टीवर २५ किलोग्रॅम-भार इतके बळ दिले. पट्टी ही तरफ आहे. तिच्यामुळे बळ पाचपट होते, असे धरू. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १२५ किलोग्रॅम-भार पडला. दट्ट्याचा व्यास २ सेंटिमीटर, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर. भागाकार करा. दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ४० किलोग्रॅम-भार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चाळीसपट दाब निर्माण झाला! हा दाब पोलादी नळ्यांमधून चारही चाकांकडे जातो. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक लहान सिलिंडर व त्यात दोन दट्टे आहेत असे समजू. एकेका दट्ट्याचे क्षेत्रफळ ४.५ चौरस सेंटिमीटर धरले, तर प्रत्येक दट्ट्या १८० किलोग्रॅम-भाराने ब्रेक शूला ढकलतो. असे आठ दट्टे. म्हणजे पायाचे २५ चाकांपाशी १,४४० झाले.

फुकट काही मिळत नाही, हे तुम्ही यंत्रांच्या धड्यात शिकला आहात. बळात जे मिळवले ते अंतरात द्यावे लागते. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या जास्तीत जास्त ३ सेंटिमीटर पुढे जाऊ शकत असेल, तर तो सुमारे ९.४ घन सेंटिमीटर द्रव ढकलतो. तो द्रव आठ दट्ट्यांत वाटला गेला. त्यांचे एकूण क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक दट्ट्या फार तर २.६ मिलिमीटर हलणार. ९.४ घन सेंटिमीटर! चहाचे दोन चमचेही भरणार नाहीत इतका द्रव, आणि त्याच्या भरवशावर टनभर वजनाची गाडी धावते. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे याच दोन चमच्यांत सगळा घोटाळा होणार आहे.

रबराची टोपी

मिस्त्रींनी पहिले काम केले ते गाडीच्या रंगावर जुनी फडकी पसरण्याचे. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग फुगून निघतो. त्याला आपण ऑइल म्हणतो खरे, पण ते तेल नव्हेच. ग्लायकोल वर्गातील रसायनांपासून ते बनवतात आणि ते पाण्यात मिसळते. त्यामुळे सांडल्यावर लगेच पाणी ओतले की धुऊन जाते. ते विषारी असते, हेही ध्यानात ठेवा.

मग त्यांनी डबीतले तेल उपसून काढले, नळीचे नट नेमक्या मापाच्या पान्याने सोडवले आणि बोल्ट काढून मास्टर सिलिंडर बाहेर काढला. नेमक्या मापाचा पाना अशासाठी, की हे नट मऊ धातूचे असतात. ढिल्या पान्याने कोपरे गोल झाले तर नळीच कापावी लागते. उघड्या नळीच्या तोंडात त्यांनी लगेच रबरी बूच घातले. आत कचरा जाऊ नये, आणि तेल ठिबकत राहून आणखी हवा शिरू नये, असे दोन्ही हेतू त्यात होते.

जुना सिलिंडर टेबलावर उघडला तेव्हा आतून एक स्प्रिंग, एक दट्ट्या आणि दोन रबरी वॉशर निघाले. पुढचा वॉशर साध्या चकतीसारखा नव्हता. त्याचा आकार टोपीसारखा, कडा पातळ आणि पुढे वळलेल्या. या कडांतच सारी खुबी आहे. द्रवाचा दाब जितका वाढतो तितका तो या पातळ कडेला बाहेरच्या बाजूस, सिलिंडरच्या भिंतीवर, अधिक घट्ट दाबून धरतो. म्हणजे दाब स्वतःच आपले दार लावून घेतो!

आता नानांच्या गाडीचे कोडे सुटते. रबर जुने होऊन कडा झिजल्या होत्या. पाय जोरात दाबला, की जास्त दाबामुळे झिजलेली कडही भिंतीला टेकत होती आणि ब्रेक लागत होता. पण पाय हलका ठेवला, की दाब कमी, कड सैल, आणि द्रव कडेवरून मागे झिरपत होता. झिरपलेले तेल बाहेर न पडता सिलिंडरच्या मागच्या भागातून वरच्या डबीत परत जात होते. म्हणून पातळी तेवढीच आणि जमीन कोरडी. मी पुतण्याकडे पाहिले. तो म्हणाला, "म्हणजे गळत होतेच, पण घरातल्या घरात."

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. सिलिंडरच्या भिंतीत, डबीखाली, दोन छिद्रे असतात. एक मोठे आणि एक सुईच्या टोकाएवढे. पाय उचललेला असतो तेव्हा टोपीची कड या बारीक छिद्राच्या जरा मागे असते आणि छिद्र उघडे राहते. ड्रम तापून तेल प्रसरण पावले, की जादा तेल या छिद्रातून डबीत परत जाते. पाय दाबला की कड छिद्रावरून पुढे सरकते, छिद्र बंद होते आणि मग दाब तयार होऊ लागतो. हे छिद्र कचऱ्याने बुजले, किंवा दट्ट्या पूर्ण मागे आलाच नाही, तर काय होईल? तेल तापेल, फुगेल, त्याला जायला वाट नसेल, म्हणून ते ब्रेक शू ड्रमवर दाबून धरील. त्याने घर्षण, घर्षणाने उष्णता, उष्णतेने आणखी प्रसरण. पाय न लावता ब्रेक लागत जातो. म्हणून पट्टीचा दांडा आणि दट्ट्या यांत मिलिमीटरभर फट मुद्दाम ठेवतात. पट्टीपाशी हेच अंतर पाचपट दिसते. ब्रेकची पट्टी थोडी मोकळी हलते हा दोष नसून व्यवस्था आहे. ती फट काढून "टाइट" करून मागणारे गिऱ्हाईक येतात, असे मिस्त्री हसत सांगत होते.

नुसत्या वॉशरचे किट बदलले तर चालले नसते का? सिलिंडरची भिंत गुळगुळीत असेल तर चालते. पण आमच्या सिलिंडरच्या भिंतीवर बोटाला लागतील असे गंजाचे खड्डे पडले होते. खरखरीत भिंतीवर नवे रबर किती दिवस टिकणार? म्हणून अख्खा सिलिंडर नवा. खर्चाचा विचार करून नानांनी क्षणभर तोंड वाकडे केले, पण वाद घातला नाही.

नवा सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी मिस्त्रींनी तो शेगड्यात पकडला, डबीत ताजे तेल भरले, बाहेर जाणाऱ्या तोंडाला एक छोटी नळी लावून तिचे दुसरे टोक डबीतल्या तेलातच बुडवले आणि एका बोथट दांडीने दट्ट्या हळूहळू आत-बाहेर केला. डबीत बुडबुड्यांची रांग उठली. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू होते. सिलिंडरमधली हवा टेबलावरच निघाली तर पुढचे काम निम्मे होते. जे घाईत ही पायरी गाळतात, ते मग गाडीखाली दुप्पट वेळ लोळतात.

दोन पिचकाऱ्यांचा प्रयोग

इथे थोडे थांबून एक प्रयोग करा. औषधांच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या आणा. एक लहान, एक मोठी. त्यांच्या तोंडांवर घट्ट बसेल अशी हातभर प्लास्टिकची नळी घ्या. हे सारे बादलीतल्या पाण्याखाली जोडा, म्हणजे आत हवा राहणार नाही. लहानीचा दट्ट्या दाबा, मोठीचा लगेच हलतो. दोन मित्रांनी दोन दट्ट्ये धरून ताकद अजमावून पाहावी. लहान पिचकारीवाला जिंकतो, मग तो वर्गातला सर्वांत किरकोळ मुलगा का असेना. पट्टीने दोन्ही दट्ट्यांचे व्यास मोजून क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढा आणि दट्ट्ये किती सरकले तेही मोजा. घर्षणामुळे हिशेब तंतोतंत जुळणार नाही, पण जवळ येईल.

आता नळीत बोटभर लांब हवेचा बुडबुडा राहू द्या आणि मोठ्या पिचकारीचा दट्ट्या मित्राला घट्ट धरायला सांगून लहान दट्ट्या दाबा. दट्ट्या दबतो, हाताला मऊ लागतो, सोडला की परत येतो. बळ पलीकडे पोचण्याऐवजी बुडबुड्याला चेपण्यात जाते. मोटारीच्या भाषेत सांगायचे तर ब्रेक "स्पंजी" झाला.

द्रव आणि वायू यांतला हा फरक किती मोठा आहे? वातावरणाच्या चाळीसपट दाब दिला तर पाण्याचे आकारमान सुमारे पाचशेव्या हिश्श्याने कमी होते. ब्रेक ऑइलही साधारण त्याच मापाचे. हवा मात्र बॉइलच्या नियमाप्रमाणे चाळिसाव्या हिश्श्याएवढीच उरते.

हे आपल्या गणिताला लावून पाहू. ब्रेक शू आणि ड्रम यांच्यातली फट मिटवायला प्रत्येक दट्ट्याला १ मिलिमीटर सरकावे लागते असे धरा. आठ दट्ट्यांसाठी ३.६ घन सेंटिमीटर द्रव लागला. हवा नसेल तर मास्टर सिलिंडरचा दट्ट्या १.१५ सेंटिमीटर पुढे जातो, पट्टी त्याच्या पाचपट, सुमारे पावणेसहा सेंटिमीटर खाली जाते आणि घट्ट होते.

आता नळ्यांत ५ घन सेंटिमीटर हवा आहे असे समजा. पूर्ण दाब येईपर्यंत ती ४.९ घन सेंटिमीटर आकसणार. ३.६ अधिक ४.९ म्हणजे ८.५. आपल्याजवळ आहेत ९.४. ब्रेक लागेल, पण पट्टी साडेतेरा सेंटिमीटर खाली गेल्यावर, जमिनीला टेकता टेकता.

आणि हवा १० घन सेंटिमीटर असेल तर? शू टेकवून झाल्यावर हवा चेपायला फक्त ५.८ उरतात. १० ची ४.२ झाली. म्हणजे दाब फक्त २.४ पट झाला, आणि त्यातला एक पट तर वातावरणाचाच. पट्टी जमिनीला टेकली! चाळीसपट हवा होता तिथे दीडपटसुद्धा नाही. आता तुम्ही कितीही बळ लावा, पाय जमीन ढकलतो आहे, ब्रेक नव्हे. दहा घन सेंटिमीटर म्हणजे दोन चमचे हवा. पाच आणि दहा यांतला फरक चमचाभराचा, पण एका बाजूला उशिरा लागणारा ब्रेक आहे आणि दुसऱ्या बाजूला ब्रेकच नाही.

"पकड!"

नवा सिलिंडर बसला. आता प्रत्येक चाकाची हवा काढायची. गाडी घोड्यांवर उचलून पक्की केली होती. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली मिस्त्री जात नाहीत आणि कोणीही जाऊ नये. चाके काढताना आतली काळी धूळ फुंकून उडवायची नाही, असेही त्यांनी पोऱ्याला बजावले. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसांना अत्यंत घातक आहे. ओल्या फडक्याने पुसणे बरे.

प्रत्येक चाकाच्या सिलिंडरला सर्वांत वरच्या बाजूला एक छोटा पोकळ स्क्रू असतो. त्याला निपल म्हणतात. वरच का? हवा हलकी, ती वरच गोळा होणार. सुरुवात केली ती मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडच्या गाडीत मागचे डावे. मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी चालकाच्या बाजूचे पुढचे. लांबच्या नळीत तेल जास्त, हवा दडायला जागा जास्त. ती आधी साफ केली की पुढच्या नळ्या लवकर साफ होतात.

निपलवर पारदर्शक नळी चढवली आणि तिचे टोक एका काचेच्या बाटलीत, थोड्या ताज्या तेलात, बुडवून ठेवले. बुडवलेले टोक हे साधे पण मोठे हुशारीचे काम आहे. बुडबुडे दिसतात आणि चुकून पाय वर आला तरी नळी हवेऐवजी तेल ओढते. मी चालकाच्या जागी बसलो. गाडीखालून आवाज आला, "पंप मारा मास्तर!" मी तीन-चार वेळा पट्टी दाबली. "पकड!" मी दाबून धरली. खाली निपल पाव फेरा सैल झाला आणि पट्टी माझ्या पायाखालून सरकन खाली गेली. बाटलीत फेस उसळला. निपल घट्ट झाल्यावर आवाज आला, "सोड!" तोवर पाय उचलायचा नाही. आधी उचलला तर जी हवा काढली तीच परत आत. एकदा मी घाईने उचललाच. खालून जे शब्द आले ते इथे छापण्याजोगे नाहीत.

"पकड" आणि "सोड" यांच्यामधला हा तोल समजला की उरलेले काम धीराचे आहे. पुतण्याकडे डबीवर नजर ठेवण्याचे काम होते. दर पाच-सहा दाबांनंतर तेल भरायचे, कारण डबी रिकामी झाली तर वरूनच हवा शिरते आणि पुन्हा श्रीगणेशा. डाव्या मागच्या चाकाला सतरा दाब लागले, पुढच्या उजव्याला सहा. बाटलीतले तेल प्रथम चहासारखे गढूळ, मग फिके, शेवटी नव्या तेलासारखे झाले. ते स्वच्छ दिसते म्हणून परत डबीत ओतायचे नाही. त्यात सूक्ष्म बुडबुडे आणि ओलावा असतो.

पट्टीखाली मिस्त्रींनी एक लाकडी ठोकळा ठेवला होता. सिलिंडर नवा असताना त्याची गरज नसते, पण सवय चांगली. जुन्या सिलिंडरवर हवा काढताना पट्टी जमिनीपर्यंत नेली, तर एरवी जिथे टोपी कधी जात नाही त्या गंजलेल्या भागात ती जाते आणि फाटते. काल बरा असलेला सिलिंडर हवा काढल्यावर आज बिघडला, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तिचे एक कारण हे आहे.

पावसाळा आणि घाट

गढूळ तेलाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ग्लायकोलचे ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेते. मुंबईच्या पावसाळ्यात त्याला याची कमतरता नाही. नवे डॉट ३ जातीचे तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरलेली चालते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५.

इतके तापते का ते? खंडाळ्याच्या घाटाचे उदाहरण घ्या. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत गाडी सुमारे ५५० मीटर खाली उतरते. माणसांसह गाडीचे वस्तुमान १,२०० किलोग्रॅम धरले, तर तिची स्थितिज ऊर्जा साधारण ६५ लाख जूल एवढी कमी होते. एवढ्या उष्णतेने २० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर यातला मोठा वाटा इंजिन व हवेचा रोध उचलतात. पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडून नुसता ब्रेक दाबत उतरणाऱ्याच्या बाबतीत जवळजवळ सगळी उष्णता चार ड्रममध्ये जाते. तिथून ती तेलाकडे येते. तेलातले पाणी उकळून वाफ झाली की काय होते हे तुम्ही आता सांगू शकाल. वाफ हा वायू आहे. दोन चमचे वायूचे गणित आपण नुकतेच केले. घाटाच्या वरच्या टोकाला कडक असलेली पट्टी खाली येता येता जमिनीला टेकते, आणि गाडी थंड झाल्यावर तपासली तर सगळे ठीक! म्हणून हे तेल दर एक-दोन वर्षांनी बदलतात, ते कमी झाले नसले तरी. आणि कमी पडले म्हणून डबीत इंजिनचे तेल कधीही ओतायचे नाही. खनिज तेलाने त्या टोप्यांचे रबर फुगते आणि सगळी व्यवस्था निकामी होते.

पुतण्याने आणखी एक शंका काढली. सारी चाके एकाच सिलिंडरवर, एकाच तेलावर चालतात. एक नळी फुटली तर चारही ब्रेक जाणार. खरेच आहे. पास्कलचा नियम दाब सगळीकडे सारखा पोचवतो, तसा तो शून्यही सगळीकडे सारखाच पोचवतो. म्हणून पुढे एकाच नळकांड्यात एकामागे एक दोन दट्टे आणि दोन वेगळे मार्ग ठेवण्याची पद्धत आली. एक मार्ग फुटला तरी निदान दोन चाके थांबवता येतात. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना असे दुहेरी मार्ग सक्तीचे झाले. नानांच्या गाडीत मार्ग एकच आहे. ते तिला पन्नासच्या वर पळवत नाहीत, ते बरेच आहे.

चारही चाके झाल्यावर मिस्त्रींनी मला पट्टी पूर्ण बळाने दाबून मिनिटभर धरायला लावली. एक मिनिट किती लांब असतो! पट्टी तसूभर हलली नाही. मग हलका पाय ठेवून पुन्हा मिनिटभर, कारण नानांची गाडी दगा देत होती ती हलक्या पायाखालीच. तीही परीक्षा उतरली. इतका वेळ पोऱ्या प्रत्येक जोड कोरड्या कागदाने टिपून पाहत होता. कागद कोरडेच राहिले. निपलांवर रबरी टोप्या बसल्या, डबीत खुणेपर्यंत तेल भरले, झाकणातले हवेचे छिद्र मोकळे आहे ना तेही पाहिले. ते बुजले तर डबीत पोकळी तयार होऊन तेल खाली उतरत नाही.

शेवटी गाडी घोड्यांवरून उतरली. मिस्त्री स्वतः बसले आणि गॅरेजासमोरच्या रिकाम्या गल्लीत, माणसाच्या चालीने गाडी नेत त्यांनी तीनदा थांबवून पाहिली. मग जरा वेगाने. गाडी सरळ रेषेत थांबली, कुठल्याच बाजूला खेचली नाही. ड्रमना हात लावून पाहिले, चारही सारखेच कोमट. मगच किल्ली नानांच्या हातात आली. त्यांनी जुना सिलिंडर फडक्यात गुंडाळून पुतण्याला दिला. तो आता आमच्या प्रयोगशाळेत, करवतीने उभा कापून, फळीवर बसवलेला आहे. टोपी मागेपुढे सरकवली की ते सुईच्या टोकाएवढे छिद्र उघडते आणि मिटते.

जाता जाता एक उदाहरण घरी सोडवायला देतो. नानांच्या गाडीत १० घन सेंटिमीटर हवा आहे आणि ब्रेक शू नीट जुळवून घेतल्याने ड्रमपाशी फट १ ऐवजी अर्धा मिलिमीटरच ठेवली आहे. पट्टी जमिनीला टेकेल तेव्हा नळ्यांतला दाब किती असेल? आणि एवढ्याने गाडी थांबेल का?